कामावरचा कुत्रा: गोव्यात त्याच्यासोबत राहताना आणि त्याच्या आसपास वावरताना

गोव्यात कुत्र्याला कुणी फारसं हाकलत नाही. गाड्यावर रोस-ऑम्लेट खाणारा माणूस पावाचा शेवटचा तुकडा समोर बसलेल्या कुत्र्याला टाकतो. दुपारी दुकानाच्या पायरीवर पसरलेल्या कुत्र्याला ओलांडून गिऱ्हाईक आत जातं आणि दुकानदारही काही बोलत नाही. त्यामुळे इथे सहाय्यक कुत्रा घेऊन वावरणं सोपं असेल, असं कुणालाही वाटेल. आमच्या ताईचा अनुभव मात्र असा की, रस्त्यात तिची सगळ्यात जास्त अडचण होते ती कुत्र्यांवर जीव लावणाऱ्यांकडूनच. ताईला दिसत नाही. तिच्या डाव्या हातात तिच्या मार्गदर्शक कुत्रीच्या, जुईच्या, हार्नेसची, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांच्या साजाची, मूठ असते. जुई वाट काढत असताना कुणीतरी लाडाने तिला कुरवाळतं, कुणी बिस्किट पुढे करतं. तेवढ्यात तिचं लक्ष उडालं, तर समोरचं उघडं गटार ताईला सांगणारं कुणी उरत नाही.

हा लेख ज्यांच्या घरी असा कुत्रा येणार आहे त्यांच्यासाठी आहे. आणि ज्यांना तो दुकानात, बसमध्ये, देवळाच्या आवारात अचानक भेटणार आहे, त्यांच्यासाठीही तितकाच आहे. घाई असेल तर या दुसऱ्या वाचकांनी थेट ‘भेटलात तर काय करायचं’ हा भाग आधी वाचावा.

आधी ओळख

सहाय्यक कुत्रा म्हणजे एका ठरावीक दिव्यांग व्यक्तीसाठी ठरावीक कामं शिकवलेला कुत्रा. अंधांचा मार्गदर्शक कुत्रा बहुतेकांनी ऐकलेला असतो. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग शहरात अशा कुत्र्यांची शाळा निघाली आणि तिथून ही पद्धत जगभर गेली. पण आता इतरही कामं कुत्रे करतात. ऐकू न येणाऱ्या माणसाला दाराची घंटा किंवा बाळाचं रडणं पंजा लावून कळवणारे असतात. व्हीलचेअरवरच्या माणसाच्या हातून पडलेली किल्ली उचलून देणारे असतात. मधुमेही माणसाची साखर उतरू लागली की वासावरून सावध करणारे, फिट आल्यावर माणसाजवळ थांबून मदत बोलावणारे, स्वमग्न मुलाला गर्दीत सैरभैर होऊ न देणारे, असेही असतात. म्हणून माणूस दिसायला धडधाकट आहे, चालतोय, वाचतोय, मग याला कुत्रा कशाला, असा हिशोब बाहेरून मांडू नये.

मार्गदर्शक कुत्र्याबद्दल एक गैरसमज फार आहे. कुत्रा माणसाला ‘घेऊन जातो’, असं लोकांना वाटतं. वरच्या बाजारातून पोस्टात कसं जायचं, हे जुईला ठाऊक नसतं, ते ताईच्या डोक्यात असतं. किती वळणं झाली, कुठे उतार लागला, कुठून बेकरीचा वास आला, यावरून ताई ठरवते आणि जुईला डावं-उजवं सांगते. रस्ता कधी ओलांडायचा हेही ताईच गाड्यांच्या आवाजावरून ठरवते. सिग्नलचा लाल-हिरवा कुत्र्याला समजत नाही. त्याचं काम म्हणजे सरळ रेषेत चालणं, पायरी आली की थांबणं, आडवी लावलेली स्कूटर, खणलेला खड्डा, फुटपाथवर डोक्याच्या उंचीला आलेली फांदी चुकवणं. ही फांदी पांढऱ्या काठीला सापडत नाही, ती फक्त जमिनीवरचं सांगते. आणि माणसाने ‘पुढे’ म्हटलं तरी समोरून गाडी येत असेल, तर पाऊल न टाकता अडून राहणं हेही त्याला शिकवलेलं असतं. आज्ञा मोडायला शिकवणं हा या प्रशिक्षणाचा सगळ्यात अवघड भाग आहे.

आणखी एक फरक लक्षात ठेवायला हवा. वृद्धाश्रमात किंवा रुग्णालयात जाऊन अनेकांना दिलासा देणारा थेरपी कुत्रा वेगळा. मालकाला मानसिक आधार वाटतो म्हणून जवळ ठेवलेला कुत्राही वेगळा. दोघेही मोलाचे, पण त्यांना ठरावीक कामाचं आणि गर्दीत शांत राहण्याचं तसं प्रशिक्षण असेलच असं नाही. आपल्या घरच्या लाडक्याला ऑनलाइन मिळणारं ‘सर्व्हिस डॉग’ लिहिलेलं जाकीट चढवून हॉटेलात नेणाऱ्यांना कळकळीने सांगते: असं करू नका. तुमचा कुत्रा तिथे भुंकला, टेबलावर चढला, तर पुढच्या वेळी त्या हॉटेलचं दार खऱ्या गरजेच्या माणसाला बंद होतं.

कुत्रा आणण्याआधी

पहिला प्रश्न कुत्र्याचा नाहीच, तुमच्या चालण्याचा आहे. पांढरी काठी घेऊन एकट्याने चार-पाच ओळखीच्या वाटा तुम्ही करू शकता का? दिशा आणि वावर यांचं प्रशिक्षण आधी घ्यावं, मगच कुत्रा. जो माणूस घराबाहेर फारसा पडत नाही, त्याच्याकडचा कुत्रा शिकलेलं हळूहळू विसरतो.

आपल्या देशात प्रशिक्षित सहाय्यक कुत्रे फार कमी आहेत, त्यामुळे थांबावं लागतं आणि खर्चही होतो. अशा वेळी कुणीतरी ‘तीन महिन्यांत तयार करून देतो’ म्हणतो आणि माणसं भुलतात. जगभरच्या शाळांमध्ये पिल्लू साधारण सव्वा वर्षाचं होईपर्यंत एखाद्या कुटुंबात वाढतं, मग काही महिने कामाचं शिक्षण होतं आणि दोनेक वर्षांचं झाल्यावर ते माणसाच्या हाती येतं. त्यानंतरही माणूस आणि कुत्रा यांची जोडी जमायला काही आठवडे दोघांनी मिळून शिकावं लागतं. प्रशिक्षकाला विचारायच्या गोष्टी अशा: कुत्र्याच्या खुब्यांचे एक्स-रे काढले आहेत का, शिकवताना मारहाण किंवा शॉकचा पट्टा वापरला आहे का, जोडी जमली नाही तर काय, आणि तुम्ही गोव्यात आमच्या घरी येऊन आमच्या वाटांवर शिकवणार का. शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ उत्तर आलं, तर मी तो कुत्रा घेणार नाही. मोकळ्या मैदानावर शिकलेल्या कुत्र्याला म्हापशाचा शुक्रवारचा बाजार झेपेलच असं नाही.

घरातल्या सगळ्यांची खरी संमती घ्या. सासूबाईंना देवघराजवळ कुत्रा चालणार नसेल, तर ते आधी बोलून घ्या. कुत्रा कुठे झोपेल, स्वयंपाकघरात येईल की नाही, हे तो येण्याआधी ठरलेलं बरं.

कागद आणि कायदा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं मोजली आहेत. अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येत नाही आणि वाजवी सोयी करून दिल्या पाहिजेत, असं हा कायदा सांगतो. सहाय्यक कुत्र्याचा स्वतंत्र उल्लेख त्यात नाही आणि अशा कुत्र्याला सरकारी ओळखपत्र देणारी व्यवस्थाही आपल्याकडे नाही. म्हणून आपलं म्हणणं ‘माझ्या कुत्र्याचा हक्क’ असं मांडू नका. ‘या कुत्र्याशिवाय मी इथे एकटी वावरू शकत नाही, त्याला सोबत येऊ देणं ही माझ्यासाठी वाजवी सोय आहे’ असं मांडा. सरकारी कार्यालयात अर्ज करतानाही हीच भाषा ठेवा. कायद्याच्या उल्लंघनाला पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पुढच्या वेळी पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. दाद मागायला राज्यात दिव्यांग व्यक्तींसाठी आयुक्त असतात आणि गोव्यात ते कार्यालय पणजीला आहे. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा झाला. तेव्हापासून निदान राजधानीत तरी या विषयावर बोलताना अगदी शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

एक छोटी फाईल कायम पिशवीत असू द्या. तिच्यात यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत, कुत्रा कोणती कामं करतो हे लिहिलेलं प्रशिक्षकाचं पत्र, डॉक्टरांचं पत्र, लसीकरणाचं पुस्तक आणि पंचायत किंवा पालिकेतल्या नोंदणीची पावती ठेवा. त्यांचे फोटो मोबाइलमध्येही असू द्या. पावसात कागद भिजतात, म्हणून सगळं प्लॅस्टिकच्या कव्हरात घाला. सोसायटीत फ्लॅट असेल, तर भारतीय पशुकल्याण मंडळाची पाळीव कुत्र्यांबाबतची २०१५ची सूचना सचिवांना दाखवा. कुत्रा पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही, असं तिच्यात स्पष्ट आहे.

पहिले दिवस: घर, वाडा, वाटा

कुत्रा आला की सगळ्यांना भेटवण्याची घाई करू नका. पहिल्या आठवड्यात त्याला खाऊ घालणं, फिरवणं, अंघोळ हे सगळं शक्यतो ज्याचा कुत्रा त्यानेच करावं. घरच्यांचे लाड नंतर. नाहीतर कुत्रा स्वयंपाकघरातल्या आईच्या मागे लागतो आणि हार्नेस घातल्यावरही मान तिकडेच वळवतो.

हार्नेस घातला की काम आणि काढला की सुट्टी, हा नियम घरातल्या मुलांनाही पाठ करून द्या. सुट्टीत त्याच्याशी चेंडू खेळायला हरकत नाही, पण आधी विचारून.

मग वाडा, म्हणजे आजूबाजूची वस्ती. आमच्याकडे ताईने पहिल्याच आठवड्यात शेजारच्या चार घरी, किराणा दुकानात आणि रिक्षा स्टँडवर जाऊन स्वतः सांगितलं. कोंकणीत एकच वाक्य: ‘सुण्याक हात लावूं नाकात, तें कामार आसा’ (कुत्र्याला हात लावू नका, ते कामावर आहे). वर ‘हार्नेस काढल्यार मागीर लाड करात’ असं हसून. लोकांना नियम सांगितला की कधी कधी राग येतो, पण मागून लाड करायची मुभा आहे म्हटल्यावर तेच लोक इतरांना थांबवू लागतात. आता वाड्यावरची पोरंच पर्यटकांना सांगतात, ‘डोन्ट टच, वर्किंग.’

ऐकू न येणाऱ्यांच्या घरी कुत्र्याला शिकवायच्या आवाजांच्या यादीत गोव्यात एक जास्तीचा घाला: सकाळी दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा. दुसऱ्या राज्यात शिकलेल्या कुत्र्याला तो ठाऊक नसतो. पोदेराला सांगून आठवडाभर दारात थोडं थांबायला लावायचं. भोंगा वाजला की घरातल्या दुसऱ्या कुणी कुत्र्याला माणसाकडे न्यायचं, त्याने पंजा लावला की खाऊ, आणि मग दोघांनी मिळून दाराशी जायचं. रोज एकाच वेळी, एकाच आवाजाने हे होत असल्यामुळे कुत्रा लवकर शिकतो.

वाटा एकेक करून घ्या. पहिली वाट दुकानापर्यंत, तीही सकाळी लवकर, गर्दी नसताना. ती पक्की झाल्यावर दुसरी. बाहेर पडण्याआधी शू-शी उरकून घ्यायची आणि त्यासाठी ठरावीक शब्द वापरायचा, म्हणजे बँकेत किंवा दवाखान्यात प्रसंग ओढवत नाही. उचलायला पिशवी खिशात हवीच. ज्यांना दिसत नाही त्यांनी कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून तो कुठे बसलाय याचा अंदाज घ्यायचा, हातात पिशवी मोज्यासारखी घालून उचलायचं. जमतं.

मोकळे कुत्रे

गोव्यातली खरी कसोटी इथे लागते. हार्नेसमधला कुत्रा पळू शकत नाही, भांडू शकत नाही आणि त्याच्या मागे न दिसणारा माणूस असतो. वाड्यावरचे कुत्रे आपली हद्द राखतात. त्यात फाटकं उघडी टाकलेल्या घरांचे पाळीव कुत्रेही येतात, आणि माझ्या मते तेच जास्त त्रास देतात.

कुत्रे अंगावर आले तर थांबा. पळू नका, ओरडू नका. हार्नेसची मूठ सोडा, पण पट्टा घट्ट धरा. आपल्या कुत्र्याला भिंतीच्या बाजूला घ्या आणि स्वतः त्याच्या आणि समोरच्यांच्या मध्ये उभे राहा. छत्री असेल तर झटकन उघडा. पावसाळ्यात ती हातात असतेच, इतर महिन्यांतही एक छोटी ठेवावी. खिशात मूठभर कोरडा खाऊ ठेवा आणि तो समोरच्या कुत्र्यांच्या मागच्या बाजूला, लांब फेका. ते तिकडे वळले की शांतपणे मागच्या वाटेने निघा. नंतर लगेच पुढे चालायला लावू नका. कुत्रा थरथरत असेल तर दोन मिनिटं बसू द्या आणि त्याच दिवशी, तीच वाट, निदान थोडी तरी कुणाच्या सोबतीने पुन्हा चालून या. भीती घट्ट बसली तर चांगला शिकलेला कुत्राही काम सोडतो.

चावा बसलाच, तर माणसाची जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्या. कुत्र्याला पूर्वी लस दिलेली असली तरी पशुवैद्याकडे न्या. गोव्यात मिशन रेबीज संस्था आणि सरकार यांनी मिळून गेलं दशकभर कुत्र्यांना रेबीजची लस टोचण्याची मोठी मोहीम चालवली आहे. तिचा फायदा आपल्याला रोज मिळतो, पण त्या भरवशावर चाव्यानंतरची लस टाळायची नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांना एक विनंती. भूतदया सोडू नका, फक्त जागा बदला. बसथांबा, शाळेचं फाटक, फुटपाथ इथे ताट मांडलं की ती कुत्र्यांची हद्द होते. आतल्या बाजूच्या मोकळ्या जागी, रहदारी नसलेल्या वेळी घाला. पशू जन्म नियंत्रण नियम २०२३ मध्येही ठरलेल्या जागी खाऊ घालण्याचीच कल्पना आहे. आणि घरच्या कुत्र्याचं फाटक बंद ठेवा. आमच्या ताईसाठी याहून मोठी मदत नाही.

भेटलात तर काय करायचं

माणसाशी बोला, कुत्र्याशी नको. ‘ताई, काही मदत हवी का?’ असं विचारा आणि उत्तराची वाट पाहा. ‘नको’ आलं तर वाईट वाटून घेऊ नका.

कुत्र्याला हात लावू नका, शीळ घालू नका, च्-च् करू नका, नाव माहीत असलं तरी हाक मारू नका. नजरेला नजर देऊन गोड बोलणं हीसुद्धा हाकच असते. काहीही खायला देऊ नका. त्याला भूक लागलेली नसते, त्याचं जेवण घरी ठरल्या वेळी होतं. तुम्ही टाकलेला शेवेचा तुकडा शोधायला तो उद्या याच जागी खाली मान घालून येईल आणि ताईला खांबावर नेऊन आपटेल.

हार्नेस, पट्टा किंवा माणसाचा हात धरून ओढू नका. रस्ता ओलांडून द्यायचा असेल तर आपला कोपर पुढे करा, ती स्वतः धरेल. उभं राहायचं ते तिच्या उजव्या बाजूला, कारण डाव्या बाजूला कुत्रा असतो. वाट सांगताना ‘इथून असं, तिथून तसं’ करू नका. ‘पंधरा पावलं सरळ, मग उजवीकडे, दोन पायऱ्या वर’ असं सांगा. गाडी थांबवून हॉर्न वाजवत ‘जा, जा’ करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्या हॉर्नमध्ये बाकीच्या गाड्यांचे आवाज बुडतात आणि तिला काहीच ठरवता येत नाही. शांतपणे थांबा, एवढं पुरे.

तुमच्यासोबत तुमचा कुत्रा असेल तर त्याला जवळ घ्या आणि लांबून जा. ‘आमचा काही करत नाही, खेळायला मागतो’ हे वाक्य इथे उपयोगाचं नाही.

मुलांना थोपवताना ‘चावेल हं’ अशी भीती घालू नका. ‘तो आता काम करतोय, दीदीला वाट दाखवतोय’ म्हणा. मुलं मोठ्यांपेक्षा लवकर समजतात, हा आमचा अनुभव. आणि फोटो काढायचा असेल तर आधी माणसाला विचारा.

तुम्हालाच कुत्र्याची भीती किंवा अ‍ॅलर्जी असेल, तर तसं सरळ सांगा. त्यात काही चूक नाही. बसमध्ये, प्रतीक्षागृहात दोघांनी लांबलांबच्या जागा घेतल्या की प्रश्न मिटतो.

आणि हार्नेस किंवा जाकीट घातलेला कुत्रा एकटाच तुमच्याकडे आला, कपड्याला नाक लावू लागला, तर त्याला हाकलू नका. त्याच्या मागे जा. त्याचं माणूस जवळपास पडलेलं असू शकतं. १०८ ला फोन करा.

दुकान, हॉटेल, देऊळ, दवाखाना

दुकानदाराने किंवा हॉटेलवाल्याने विचारायच्या गोष्टी दोनच: हा सहाय्यक कुत्रा आहे का आणि तो कोणतं काम करतो. ‘तुम्हाला नेमकं काय झालंय’ हे विचारायचं नाही. कुत्रा भुंकत राहिला, कुणाच्या अंगावर गेला, घाण केली तर त्याला बाहेर न्यायला सांगण्याचा अधिकार मात्र तुम्हाला आहे, आणि कुत्रा बाळगणाऱ्याने तो मानला पाहिजे.

हॉटेलात आपण भिंतीकडचं टेबल मागावं. कुत्रा टेबलाखाली, शेपूट आत, वेटरच्या वाटेत नाही. सोबत छोटी चटई ठेवली तर त्याला आपली जागा कळते आणि लोकांनाही बरं वाटतं. नव्या ठिकाणी जाण्याआधी फोन करणं चांगलं. परवानगी मागायला म्हणून नाही, तर दारातच पाहुण्यांसमोर हुज्जत नको म्हणून.

देवळाचं नाजूक आहे. श्रद्धेचा विषय आहे आणि तिथे मी कायदा पुढे करत नाही. देवस्थान समितीच्या कार्यालयात आधी बोलून घ्यावं. गोव्यातल्या मोठ्या देवळांची आवारं प्रशस्त आहेत. प्राकारात, अग्रशाळेजवळ (भक्तांच्या उतरण्याच्या खोल्यांजवळ) सावलीला कुत्र्याला घेऊन घरचं कुणी बसलं आणि ताई दुसऱ्याचा हात धरून गाभाऱ्यासमोर जाऊन आली, अशी सोय बहुतेक ठिकाणी आनंदाने होते. ज्या दत्ताच्या पायाशी चार श्वान बसलेले आपण रोज पाहतो, त्याच्या दारी तरी कुत्र्याला थोडी सावली मिळावी, असं मला मनापासून वाटतं.

दवाखान्यात ओपीडीपर्यंत कुत्र्याला अडचण नसावी. शस्त्रक्रिया विभाग, अतिदक्षता विभाग, भाजलेल्या रुग्णांचा कक्ष इथे तो जाणार नाही आणि त्यासाठी भांडूही नये. बांबोळीला मोठ्या रुग्णालयात जायचं असेल, तर कुत्र्याला सांभाळायला तिसरा माणूस सोबत घ्या.

प्रवास

कदंबच्या बसमध्ये चढण्याआधी कंडक्टरला आवाज द्या: ‘दादा, दृष्टिहीन आहे, मार्गदर्शक कुत्रा सोबत आहे.’ पुढची जागा घ्या आणि कुत्र्याला सीटखाली किंवा पायांमध्ये बसवा. छोट्या खाजगी बसमध्ये ऑफिसच्या वेळी जाऊच नका. तिथे माणसालाच उभं राहायला जागा नसते, कुत्र्याची शेपूट कुणाच्या तरी बुटाखाली येणारच. टॅक्सी बुक केल्यावर ड्रायव्हरला आधीच सांगा आणि सीटवर घालायला चादर ठेवा. ती चादर दाखवली की अर्धी कुरकुर थांबते.

फेरीबोट वाटते तितकी अवघड नाही, फक्त घाई टाळायची. बोट धक्क्याला लागली की दुचाकीवाले एकदम सुटतात, त्यांना जाऊ द्या. उताराची लोखंडी फळी ओली आणि घसरडी असते. कुत्र्याला तिच्यावर पाय ठेवायला वेळ द्या, स्वतः कठड्याच्या बाजूने चाला. बोटीत इंजिनापासून लांब उभे राहा.

रेल्वेत एसी टू टियर, थ्री टियर, स्लीपरमध्ये कुत्रा नेता येत नाही. फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असेल तरच तो सोबत राहतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत जातो. सहाय्यक कुत्र्याला पेटीत पाठवण्यात काही अर्थ नाही. कोकणकन्येला फर्स्ट एसी असतो. तिकिटासोबत पार्सल कार्यालयातली नोंदही करावी लागते, त्यासाठी मडगावला वेळेच्या बरंच आधी पोचा.

विमानासाठी दाबोळी असो वा मोपा, बुकिंग करतानाच कळवा आणि निदान ४८ तास आधी विमान कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. लसीकरणाचे कागद, प्रशिक्षकाचं पत्र आणि तोंडाची जाळी सोबत हवी. प्रवासाच्या आधी काही तास कुत्र्याला भरपेट खाऊ घालू नका.

ऊन, पाऊस आणि गोचीड

गोव्यातल्या दमट उन्हात लॅब्रॅडोर लवकर थकतो. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो आणि हवेत ओल असली की तेही नीट साधत नाही. मार्च ते मे या दिवसांत सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावरच काम. डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसलं नाही तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. किनाऱ्यावरची वाळू तर त्याहून लवकर तापते. धाप थांबेना, हिरड्या लालभडक झाल्या, तोल जाऊ लागला, तर सावलीत घ्या, अंगावर साधं गार पाणी ओता, वारा घाला आणि वाटेतूनच पशुवैद्याला फोन करा.

किनाऱ्यावर हार्नेस काढून खेळवायचं असेल तर शॅकजवळ नको, तिथल्या कुत्र्यांची ती जागा असते. समुद्राचं पाणी पिऊ देऊ नका, परतल्यावर गोड्या पाण्याने पंजे आणि पोट धुवा. वाळूवर निळसर, फुग्यासारखं काही पडलेलं दिसलं, तर ती डंख करणारी ब्लूबॉटल असू शकते. तिला हुंगू देऊ नका.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, त्याची लस रेबीजच्या लसीसोबत दरवर्षी द्यावी. रोज संध्याकाळी कान, बोटांच्या फटी आणि हार्नेसच्या पट्ट्याखालची जागा बोटांनी चाचपा. गोचीड तिथेच लपते, आणि न दिसणाऱ्यांना ती मसुराच्या दाण्याएवढी हाताला नीट लागते. गोचीड तापात कुत्रा आधी जेवण टाकतो, मग सुस्तावतो. कामावरचा कुत्रा एक वेळ जेवला नाही तरी पशुवैद्याला विचारा, थांबू नका. अंगणातल्या मोठ्या बेडकांना तोंड लावू देऊ नका, त्यांच्या कातडीतल्या विषाने तोंडाला फेस येतो. हार्नेस रोज पुसून पंख्याखाली वाळवा, ओल्या कातड्याला बुरशी धरते आणि कुत्र्याच्या काखेत चट्टे उठतात.

सणासुदीला

चतुर्थीला दारूकाम, दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराभोवती पहाटेपर्यंत कर्णे, शिगम्याला ढोल-ताशे, नाताळ ते नव्या वर्षापर्यंत फटाके. या रात्री कुत्र्याला कामावर काढू नका. आतल्या खोलीत, खिडक्या लावून, पंखा मोठा करून त्याच्याजवळ कुणीतरी बसा. फार घाबरत असेल तर औषधासाठी सणाच्या काही दिवस आधी पशुवैद्याकडे जा. तो पट्ट्यातून निसटून पळालाच तर सापडावा म्हणून गळ्यात फोन नंबरचा बिल्ला कायम ठेवा, जमलं तर मायक्रोचिपही बसवून घ्या.

खाण्याचं सांभाळा. नेवऱ्यांच्या सारणातले मनुके आणि नाताळच्या कुसवारातला (फराळातला) मनुक्यांचा केक, चॉकलेट हे कुत्र्याला विषारी असतं. चोरिसात (गोव्याच्या सॉसेजमध्ये) लसूण असते, तीही नको. शिजवलेली हाडं आणि माशाचे काटे घशात अडकतात. पाहुणे येण्याआधी कुत्र्याला त्याच्या खोलीत ठेवून, ताटं उचलल्यावरच बाहेर घेतलं की कुणाला पुन्हा पुन्हा सांगावं लागत नाही.

निवृत्तीची तयारी

साधारण आठ ते दहा वर्षांच्या वयात मार्गदर्शक कुत्रा काम थांबवतो. चाल मंदावते, पायरीशी तो उशिरा थांबतो, हार्नेस पाहून उठायला कुरकुरतो. ही चिन्हं दिसू लागली की प्रशिक्षकाला लगेच कळवा, कारण पुढच्या कुत्र्यासाठी नाव नोंदवून बरंच थांबावं लागणार आहे. म्हातारा कुत्रा घरीच राहणार की जवळच्या कुणाकडे जाणार, हे आधी ठरवा. घरी ठेवणार असाल तर नवीन कुत्र्याला हार्नेस घालताना पहिल्याला दुसऱ्या खोलीत न्या. नाहीतर तोही दाराशी येऊन उभा राहतो. या मधल्या काळात काठीचा सराव पुन्हा सुरू करा, रोज थोडा, ओळखीच्या वाटेवर.